अडतीस किलो

संजीवनीला नर्स व्हायचं होतं. बारावीच्या मार्कांत नर्सिंगचा नंबर लागला नाही, तेव्हा शहापूरच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांनी तिला मुंबईतल्या एका गृहविज्ञान कॉलेजचा फॉर्म आणून दिला. "आहारशास्त्र म्हणून विषय असतो," सर म्हणाले. "पुढे हॉस्पिटलात नोकरी मिळते. पांढरा कोट त्यांनाही असतो."

ही १९९६ सालची गोष्ट. फॉर्म घेऊन ती घरी आली. घर बोरीच्या पाड्यावर. किन्हवलीला एसटीतून उतरलं की तिथून दीड तास चालत, अर्धी वाट चढणीची. बाप, विठू, अंगणात नांगराचा फाळ ठोकत बसला होता. त्यानं विचारलं, "काय शिकाचं हाय तिथं?"

"आहारशास्त्र."

"मंजे?"

"माणसानं काय खावं, किती खावं, आजारी पडला तर काय द्यावं, ते."

विठू हसायला लागला. "ते शिकाया मंबईला जावं लागतं?" म्हणत त्यानं आत हाक मारली, "बाईजा, ऐक गो, पोर जेवाया शिकाया चाललीय!"

आई बाहेर आली नाही. चुलीपुढूनच म्हणाली, "जाऊ द्या तिला. शिकू द्या काय ते."

राखीव जागेतून प्रवेश मिळाला, सरकारी वसतिगृहही मिळालं. खोलीत चौघीजणी होत्या. बाकीच्या तिघी वाईट नव्हत्या. पहिल्या आठवड्यात संजीवनी कशाला तरी "नाय" म्हणाली, तेव्हा त्यातली एक हसली, तीही प्रेमानंच. पण तेव्हापासून संजीवनी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायला लागली. मनात नीट बसेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग ती गप्पच राहायची. एकदा रविवारी संध्याकाळी पाण्याची बाटली भरताना तिच्या लक्षात आलं, की शुक्रवारी हजेरीला "प्रेझेंट, मॅडम" म्हटल्यापासून आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही. घसा साफ करून तिनं हळूच स्वतःचं नाव घेऊन बघितलं. आवाज ठीक होता.

पहिल्याच महिन्यात प्रॅक्टिकलला व्हाइट सॉस करायला लावला. लोणी वितळवून त्यात मैदा परतायचा आणि थोडं थोडं दूध घालत ढवळायचं. तिच्या सॉसच्या गुठळ्या झाल्या. गुठळ्यांपेक्षा तिला त्या अर्धा लिटर दुधाचंच वाईट वाटलं. पुढे मेनू प्लॅनिंग आलं. उच्च उत्पन्न गट, मध्यम उत्पन्न गट, अल्प उत्पन्न गट, अशा तीन कुटुंबांचा दिवसभराचा आहार ठरवायचा. पुस्तकातल्या अल्प उत्पन्न गटाच्या घरात माणशी एक पेला दूध होतं, आठवड्याला दोन अंडी होती, रोज एक फळ होतं. संजीवनीनं ते पान दोनदा वाचलं. तिच्या घरी शेळी व्याली तर चहात दूध पडायचं. त्या तिन्ही गटांच्या खाली आणखी एखादा गट असतो का, हे मॅडमना विचारावं असं तिला वाटलं. वाक्य मनात तयारही केलं. तेवढ्यात तास संपला.

तिला एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे अन्नघटकांचे तक्ते. शंभर ग्रॅममध्ये किती कॅलरी, किती प्रथिनं, किती लोह. त्यात नाचणी होती, घरची नागली. नाचणीपुढे कॅल्शियमचा आकडा तांदळाच्या कितीतरी पट होता. मुंबईत कुणी नाव घेत नाही त्या नागलीला इथं एवढा मान, हे बघून ती एकटीच हसली. मग तिनं पाड्याकडच्या रानभाज्या बघितल्या, कुर्डू शोधली, लोत शोधला, शेवळं शोधली. काही सापडलं, काही नाही. संध्याकाळी बाकीच्या मुली फिरायला गेल्या की ती लायब्ररीत बसून तक्ते वाचायची. घरचे शब्द तेवढ्या एकाच ठिकाणी भेटायचे.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आहार सर्वेक्षणाचं काम होतं. एक कुटुंब निवडायचं, तीन दिवस त्या घरात शिजणारं सगळं वजन करायचं, प्रत्येकाच्या ताटात किती पडलं ते मोजायचं, आणि कुणाला किती मिळालं आणि किती हवं होतं ते मांडायचं. बहुतेक मुलींनी शेजारची घरं घेतली. संजीवनीनं स्वतःचं घेतलं, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी असं जाऊन बसायचं तिला धाडस नव्हतं. कॉलेजनं दोन काटे दिले होते, एक स्वयंपाकघरातला आणि एक माणसांचं वजन करायचा. साडीत गुंडाळून ते काटे घेऊन ती बोरीच्या पाड्याला आली.

पाड्यावर भातकापणी चालू होती. घरात धान्य होतं. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांची वजनं घेतली. विठू काट्यावर उभा राहिला तो छाती फुगवून. धाकटा भाऊ सुनिल दोनदा उभा राहिला. आई नको नको म्हणत उभी राहिली. काटा अडतिसावर थांबला. संजीवनीनं वहीत लिहिलं: बाईजा विठू, वय चाळीस, वजन अडतीस किलो, काम शेतीचं, कष्टाचं.

बापाचं ताट मोजलं, भावाचं मोजलं. आईचं ताट मात्र मोजायला सापडेना. सगळ्यांचं उरकल्यावर ती मागच्या पडवीत भांड्यांजवळ बसून काहीतरी खाऊन घ्यायची, आणि संजीवनी काटा घेऊन गेली की म्हणायची, "झालं माजं. जेवले मी."

दुसऱ्या दिवशी संजीवनी चिडली. "आई, असं नाय चालत. सगळ्यांचं लिहायचं आहे. तुझं नसलं तर मार्क जातील."

"बाईचं ताट कोन मोजतं गो?"

"मी मोजते. मला मोजायचंच आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईजानं आपणहून ताट आणून काट्यावर ठेवलं. भाताचा मोठा ढीग, वर उडदाचं वरण, बाजूला दोन भाकरी, सुकटीची चटणी. विठूच्या ताटापेक्षाही जास्त. "घे," ती म्हणाली. "लिव."

संजीवनीनं लिहिलं. आई ताट घेऊन पडवीत गेली. दोन मिनिटांनी पाण्याचा तांब्या घ्यायला संजीवनी मागे गेली, तेव्हा बाईजा पाठमोरी बसून ताटातला भात मुठीनं उचलून परत टोपात टाकत होती. एक भाकर तिनं आधीच टोपलीत ठेवली होती. ताटात उरली होती एक भाकर आणि चटणी.

संजीवनी तांब्या न घेताच परत फिरली.

वसतिगृहात आल्यावर तिनं आकडेमोड केली. वजन केलेलं ताट खरं धरलं तर आईच्या पोटात दिवसाला सव्वीसशे कॅलरी जात होत्या. तिनं तेच लिहिलं. लिहिताना तिला कळत होतं, आपण काय लिहितोय. पण वर्गात वही दाखवायची होती, आणि पस्तीस मुलींपुढे आपल्या आईचं ते रिकामं ताट मांडायची तिची छाती झाली नाही. पहिले दोन दिवसही तिनं अंदाजानं भरून टाकले.

कर्णिक मॅडमनी त्या वहीला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले. काही पानं वाचून दाखवली. "स्थानिक अन्न किती सकस असतं बघा," त्या म्हणाल्या. "या घरातल्या कष्टकरी स्त्रीलासुद्धा पुरेशा कॅलरी मिळताहेत." मुली वळून संजीवनीकडे बघायला लागल्या. त्या तीन वर्षांत सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ. ती बाकाच्या लाकडावर नखानं रेघ ओढत बसली.

पदवी झाली, मग आहारशास्त्राचा डिप्लोमा, मग मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सहा महिन्यांची इंटर्नशिप. आता पांढरा कोट मिळाला. सकाळी वॉर्डात फिरायचं, केसपेपर बघायचे, मधुमेहवाल्याला काय, किडनीवाल्याला किती पाणी, नळीतून दूध जाणाऱ्याला दर दोन तासांनी किती, ते लिहून डाएट किचनमध्ये द्यायचं. काम तिला जमत होतं. पेशंट बोलायचे, नातेवाईक नाव विचारायचे, आणि डिस्चार्ज झाला की दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरंच माणूस असायचं. दुपारी कॅन्टीनमध्ये ती डॉक्टरांच्या टेबलावर बसू शकत नव्हती आणि नर्सेसच्या टेबलावर तिला कुणी बोलावत नव्हतं. ती खिडकीकडेला बसून जेवायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सुनिलचा फोन आला. किन्हवलीच्या बूथवरून तो ओरडून बोलत होता. "आई शेतात पडली. शहापूरला आणलीय. डाक्टर बोलतात, रगत नाय अंगात."

संजीवनी दुपारपर्यंत शहापूरला पोचली. हिमोग्लोबिन चार. खाटेवर आई इतकी पांढरी दिसत होती, की चादरीपासून तिचा हात वेगळा ओळखू येईना. तरुण डॉक्टरांनी केसपेपर चाळला. "दोन वर्षं अंगावरून जातंय त्यांच्या, कुणालाच सांगितलं नाही. त्यात खाणं काहीच नाही. तुम्ही मुलगी? काय करता?"

पलीकडून विठूच अभिमानानं म्हणाला, "ती मंबईला मोठ्या दवाखान्यात हाय. खाया-पियाचं बघती सगळ्यांचं."

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं संजीवनीला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. तिसऱ्या दिवशी बाईजाला बसता यायला लागलं. संजीवनी तिला चमच्यानं पेज भरवत होती. बाईजा मध्येच म्हणाली, "तू बघलंस ना मना तवा? पडवीत?"

"बघितलं."

"मना ठाव व्हतं. तुजी पावलं वाजली."

"मग असं का केलंस, आई?"

"तू बोललीस मार्क जातील. मना वाटलं, माजं खरं ताट लिवलंस तर तुला नापास करतील. बोलतील, हिच्या घरात बघा काय हाय." तिनं दम घेतला. "आन् मना भूकच नाय लागत गो पयल्यासारखी. सवय मोडली."

संजीवनी चमचा वाटीत फिरवत राहिली. आईला सांगण्यासारखं तिला बरंच काही येत होतं. लोहाच्या गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या, लिंबू का पिळायचं, जेवणानंतर लगेच चहा का नको. ते सगळं ती रोज वॉर्डात अनोळखी बायांना न अडखळता सांगायची. इथं तिनं फक्त पुढचा चमचा भरला.

मुंबईला परतल्यावर ती आधी कॉलेजात गेली. कर्णिक मॅडम स्टाफरूममध्ये एकट्याच पेपर तपासत होत्या. संजीवनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पडवीतलं, वहीतलं आणि शहापूरचं. यावेळी वाक्यं आधी मनात म्हणून बघायला तिला सुचलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "वही आहे अजून माझ्याकडे," त्या म्हणाल्या. कपाटातून काढून त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे तूच लिहिलंस ना? वजन अडतीस किलो?"

"हो, मॅडम."

"आणि त्याच्याच खाली सव्वीसशे कॅलरी. एकाच पानावर." मॅडमनी दोन्ही आकड्यांखालून बोट फिरवलं. "सव्वीस वर्षं शिकवतेय मी हा विषय. वर्गात वाचूनसुद्धा दाखवलं. एवढं खाणारी बाई अडतीस किलोची कशी असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तू एकवीस वर्षांची होतीस."

त्यांनी मार्क बदलले नाहीत. ते आता बदलता येणारही नव्हते. वही मात्र त्यांनी तिला परत दिली नाही. "ही राहू दे माझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. संजीवनी रागावणं ऐकायला आली होती. रागावणं नाही आणि माफीही नाही, असं काहीतरी घेऊन ती जिना उतरली.

परीक्षा देऊन ती रीतसर डाएटिशियन झाली. ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात सात वर्षं तिनं नोकरी केली. वजन कमी करायला येणाऱ्या बायका, शुगरवाले काका, बायपासवाले. सगळे तिला मॅडम म्हणायचे. एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, त्याच्या आईनं "तुमच्याकडं काय काय खातात?" असं विचारलं. संजीवनीनं खरं ते सांगितलं. पुढे निरोप आला नाही. तिनंही वाट बघितली नाही.

बोरीच्या पाड्याला ती महिन्यातून एकदा जायची. बाईजा सावरली होती, रक्त दहापर्यंत आलं होतं. संजीवनी घरी असली की आई सगळ्यांबरोबर पानावर बसायची, तिच्यादेखत पोटभर जेवायची आणि ताट धुऊन पालथं घालायची. "झालं ना तुजं समाधान?" म्हणून हसायची. संजीवनीही हसायची. पण उरलेले एकोणतीस दिवस काय होतं, ते तिला कळत नव्हतं, आणि सुनिलच्या बायकोला विचारलं तर तीही "जेवतात की" म्हणायची. घरच्यांसाठी ती आता तपासायला येणारी बाई झाली होती. ती आली की घर जरा ताठ बसायचं.

२००८ साली मुरबाडला कुपोषित मुलांसाठी उपचार केंद्र सुरू झालं, तिथं कंत्राटी डाएटिशियन हवी होती. पगार ठाण्याच्या निम्मा. ठाण्यातल्या सहकाऱ्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. संजीवनीनं कुणाला कारण सांगितलं नाही. तिला स्वतःलाही ते एका वाक्यात सांगता आलं नसतं.

मुरबाडला तिनं एक खोली भाड्यानं घेतली. केंद्रात आठ खाटा होत्या. मुलाबरोबर आईनं तीन आठवडे राहायचं, दर दोन तासांनी ठरलेलं दूध-खाणं मुलाला द्यायचं, रोज वजन करायचं. बाया तीन-चार दिवसांत कंटाळायच्या. घरी दुसरी पोरं असायची, शेत असायचं, नवरा बोलवायला यायचा. एखाद्या सकाळी खाट रिकामी दिसायची. मोठे डॉक्टर म्हणायचे, "यांना पोरांची काळजी नाही." संजीवनी आधी वाद घालायची. मग तिनं वाद सोडला आणि बायांजवळ जमिनीवर बसायला लागली.

धाऊ तिथंच भेटली. माळशेजच्या अंगाच्या एका पाड्यावरची कातकरी बाई, विशीच्या आतबाहेरची. तिची मुलगी रंगू पावणेदोन वर्षांची, वजन सहा किलो. उभीसुद्धा राहायची नाही. मांडीवर ठेवली तर तशीच पडून राहायची. संजीवनीनं विचारलं, "तू काय खाल्लंस आज?"

"खाल्लंय सगळं, बाई."

"सगळं म्हणजे?"

"भात, वरन, भाजी."

संजीवनीनं मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. तिनं आधी धाऊचं वजन केलं. मग रोज दुपारी मुलांचं दूध वाटून झालं, की आपला डबा घेऊन ती धाऊच्या खाटेपाशी जाऊन बसायला लागली. खाण्याबद्दल ती काही बोलायची नाही. धाऊ पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. पाचव्या दिवशी आपणहून म्हणाली, "बाई, मी खोटं बोलले तुमाला. इथला भात मी वाळवून बांधून ठेवते. नवरा बुधवारी येतो, त्याच्याबरोबर घरच्या पोरासाठी पाठवते."

"ठाव आहे मला," संजीवनी म्हणाली.

"मंग बोललात का नाय?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

त्यानंतर संजीवनीनं स्वयंपाकीण देवकीबाईंशी बोलून बुधवारी वेगळा डबा भरायची सोय केली. ते नियमात नव्हतं. धाऊ आपलं ताट आपण खायला लागली. आणि धाऊ राहिली, पूर्ण तीन आठवडे. रंगूचं वजन सहा किलोवरून सात किलो दोनशे ग्रॅमवर गेलं. जायच्या दिवशी ती खाटेचा पाय धरून क्षणभर उभी राहिली आणि धपकन खाली बसली. सगळ्या बाया हसल्या. धाऊनं निघताना विचारलं, "बाई, तुमचं कोन हाय इथं?"

"इथं कुणी नाही."

"एकल्याच?"

"हो."

धाऊनं रंगूला कडेवर घेतलं. "आमच्याकडं या मंग. दिवाळीत या."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा कुठे संजीवनीला वेळ मिळाला. केंद्रातून गेलेल्या मुलांची वजनं घरी जाऊन घ्यायची असतात, तेही कामच होतं. एसटीनं घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली आणि पुढे काटा खांद्यावर घेऊन दोन तास चालली. भात निघालेलं होतं, खाचरं मोकळी पडली होती. वाटेत तिला कुणी भेटलं नाही. धाऊला काय काय विचारायचं, ते ती चालता चालता मनात म्हणत होती, आणि आपण कामाला नाही, पाहुणी म्हणून चाललोय असंही तिला मधूनच वाटत होतं. पिशवीत तिनं रंगूसाठी फ्रॉक घेतला होता.

धाऊचं झोपडं बंद होतं. दाराला काथ्याची दोरी बांधलेली. शेजारच्या तीन झोपड्याही तशाच. अंगणातल्या चुलीत राख थंड, त्यावर कोंबडीनं उकरलेलं. संजीवनी काटा खाली ठेवून उभी राहिली. पाड्याच्या टोकाच्या झोपडीतून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. गोजर तिचं नाव. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं.

"कोन गो तू?"

"मुरबाडच्या दवाखान्यातली. धाऊ कुठं गेली?"

"गेली इटांच्या भट्टीवर. भिवंडीकडं. समदेच गेले, आठ रोज झाले. पावसापातूर नाय येयाचे."

कुठली भट्टी, ते म्हातारीला ठाऊक नव्हतं. ट्रक आला आणि घेऊन गेला. संजीवनी तिच्या ओट्यावर बसली. पाठपुराव्याच्या वहीत रंगूच्या नावापुढे वजनाचा रकाना मोकळा सोडून तिनं 'स्थलांतर' असं लिहिलं. म्हातारीनं पाणी दिलं, ते ती सगळं प्यायली. पाड्यात कसलाच आवाज नव्हता.

"आजी," संजीवनीनं शेवटी विचारलं, "पोर कशी होती? जाताना? रंगू?"

"बरी व्हती." म्हातारीनं आठवून बघितलं. "धाऊच्या डोक्यावर गाठोडं व्हतं, हातात भांडी. पोरीला कोन घेनार? चालत गेली ती. ट्रकापातूर गेली, त्या आंब्यापातूर."

संजीवनी उठून आंब्याकडे बघायला लागली. झोपड्यापासून पाऊणशे पावलं तरी असतील, आणि वाट दगडांची होती.

"मधी पडली नाही?"

"पडली ना, दोनदा पडली," गोजर म्हणाली. "उठली परत."

संजीवनीनं वही पुन्हा उघडली. चालण्यासाठी त्यात रकाना नव्हता. तिनं ते समासात लिहिलं, तारीख घातली, आणि उन्हं उतरायच्या आत शेवटची एसटी गाठायला ती निघाली.